दहा टनांचं झुडूप

मंडळी, गेला शनिवार रिलीजने खाल्ला, त्यामुळे या खेपेला जरा लांबच लिहितोय. चहा घेऊन बसा.

बे एरियात घर घेतलेला कुठलाही मराठी माणूस भेटला की गप्पांचे तीन विषय ठरलेले असतात: व्याजाचा दर, मुलांची शाळा आणि 'लॉनचं काय करायचं?' पुढच्या अंगणातली हिरवळ उन्हाळ्यात पाणी पिते, पाण्याचं बिल वाढतं, आणि ती काढावी तर तिथे लावायचं काय हा प्रश्न. मग कोणीतरी सांगतं की अरे, जमिनीसरपट पसरणारी, पाणी न मागणारी झुडपं मिळतात, ती लाव. मँझनिटा लाव.

या मँझनिटाबद्दल थोडी शोधाशोध केली तेव्हा समजलं की हे झुडूप म्हणजे नुसता बागकामाचा विषय नाही. त्यात भूकंप आहे, स्मशानं आहेत, गोणपाटात भरून वाचवलेली रोपं आहेत, आणि एक दहा टनांचा मातीचा गोळा आहे. शिवाय आपल्या धंद्यातला एक जुना प्रश्न आहे: बॅकअप कशाला म्हणायचं?

आधी नावाचं बघू. स्पॅनिशमध्ये सफरचंदाला मान्साना म्हणतात, त्यावरून मान्सानिता म्हणजे छोटं सफरचंद. फळं खरोखर इटुकल्या सफरचंदासारखी दिसतात. शास्त्रीय नाव आर्क्टोस्टॅफिलॉस, म्हणजे ग्रीकमध्ये 'अस्वलाची द्राक्षं'. या कुळातल्या बहुतेक जाती कॅलिफोर्नियातल्याच. काही माणसाच्या दुप्पट उंच होतात, तर काही जमिनीला पोट लावून पसरतात. साल तांबूस, गुळगुळीत. पानं जाड आणि चिवट. हिवाळा संपता संपता छोट्या उलट्या मडक्यांसारखी पांढरी-गुलाबी फुलं येतात आणि त्यावर हमिंगबर्ड आणि भुंगे तुटून पडतात.

यातली सरपटणारी एक जात फक्त सॅन फ्रान्सिस्को शहरात वाढायची. जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिचं नाव आर्क्टोस्टॅफिलॉस फ्रान्सिस्काना.

फक्त त्याच शहरात का? तर तिथल्या खडकामुळे. शहराच्या काही टेकड्यांवर सर्पेंटाइन नावाचा हिरवट, गुळगुळीत खडक वर आलेला आहे. त्याच्या मातीत कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम भरमसाट, वर निकेल आणि क्रोमियम. बहुतेक झाडांच्या दृष्टीने ही माती जवळजवळ विषच. पण ज्यांना ती पचते त्यांना तिथे स्पर्धा नसते. आपल्याकडच्या कोकणातल्या कातळसड्यांवर जसं 'काही उगवत नाही' असं लोक म्हणतात आणि पावसाळ्यात तिथेच जगावेगळ्या वनस्पती दिसतात, तसाच काहीसा प्रकार. समुद्रावरचा वारा, उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, फक्त धुकं, आणि ही असली माती. अशा जागी जो उंच वाढेल तो संपेल. म्हणून हे झुडूप जमिनीला धरून राहिलं. फांदी जिथे मातीला टेकेल तिथे मुळं सोडायची आणि पुढे सरकायचं. आपण जे दाब कलम हाताने करतो ते हे आपलं आपण करतं.

या झुडपाला १९०५ साली शास्त्रीय नाव दिलं ॲलिस ईस्टवूड या बाईंनी. बाई कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये वनस्पती विभाग सांभाळत. कॉलेजची पदवी नाही, आधी शाळामास्तरीण, वनस्पतीशास्त्र स्वतःच शिकलेल्या. बाईंचा एक किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

कुठल्याही वनस्पतीला पहिल्यांदा नाव दिलं जातं तेव्हा ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून ते दिलं तो नमुना जपून ठेवतात. त्याला टाइप म्हणतात. पुढे कधी वाद झाला की तो नमुना काढून बघायचा. तेव्हाची पद्धत अशी होती की हे टाइप बाकीच्या हजारो नमुन्यांमध्येच जागच्या जागी ठेवायचे. ईस्टवूडबाईंनी मात्र ते वेगळे काढून एका ठिकाणी ठेवले होते.

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोचा तो प्रसिद्ध भूकंप झाला. मार्केट स्ट्रीटवरची ॲकॅडमीची इमारत उभी होती, पण आतला संगमरवरी जिना कोसळला होता आणि आग रस्त्याने पुढे पुढे येत होती. बाई तेव्हा ४७ वर्षांच्या. जिन्याच्या उरलेल्या लोखंडी कठड्याला धरून, त्याच्या गजांमध्ये पाय रोवत त्या सहाव्या मजल्यावर चढल्या. टाइप एकाच जागी असल्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. गठ्ठे बांधून दोरीने खाली सोडले. एकूण १,४९७ नमुने वाचले. बाकी सगळं जळालं, बाईंचं स्वतःचं घरसुद्धा. नंतर त्यांनी उरलेली चाळीसेक वर्षं तो संग्रह परत उभा करण्यात घालवली.

माझ्या मते डिझास्टर रिकव्हरीचं ट्रेनिंग देताना पहिल्या स्लाइडवर या बाईंचा फोटो लावायला हवा. जे परत मिळणार नाही ते आधीच वेगळं काढून ठेवायचं, आग लागल्यावर नाही.

आता वळू स्मशानांकडे.

शहर वाढत होतं तसतशी ही खडकाळ जमीन कमी होत गेली. घरं झाली, रस्ते झाले. राहिल्या त्या दोन-तीन जागा, आणि त्यातल्या महत्त्वाच्या म्हणजे दफनभूमी: लॉरेल हिल आणि मेसॉनिक. कारण उघड आहे. थडगी असलेल्या टेकडीवर कोणी घर बांधत नाही. मेलेल्या माणसांनी त्या झुडपांना काही दशकं संरक्षण दिलं. आपल्याकडे देवाच्या भीतीने देवराया राहिल्या, त्याचीच ही एक अपघाती आवृत्ती म्हणा ना.

पण सॅन फ्रान्सिस्कोत जमिनीचे भाव तेव्हाही आजच्यासारखेच होते. १९०० साली शहराने हद्दीत नवीन दफन करायला बंदी घातली. मग जुनी थडगीसुद्धा हलवायची टूम निघाली. बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या आणि मतदान होऊन १९३७ मध्ये लॉरेल हिलचा निकाल लागला. तिथली सुमारे ३५ हजार माणसं उकरून शहराच्या दक्षिणेला कोल्मा गावात नेण्यात आली. गंमत अशी की त्या वेळी त्या गावाचं नाव होतं लॉनडेल, आणि मृतांना जिथे पुरलं त्या जागेचं नाव सायप्रस लॉन. म्हणजे आधी ज्या मातीवर मँझनिटा होतं तिथून उचलून सगळ्यांना व्यवस्थित कापलेल्या हिरवळीखाली ठेवलं. कॅलिफोर्नियाच्या जमिनीचा विसाव्या शतकातला इतिहास एका ओळीत सांगायचा तर हाच!

मागे राहिली ती झुडपं. १९४७ च्या सुमारास लॉरेल हिलवर बुलडोझर आले. खाडीपलीकडे बर्कलीच्या टेकड्यांवर टिल्डन पार्कमध्ये जेम्स रूफ यांनी १९४० पासून कॅलिफोर्नियाच्या मूळ झाडांची एक बाग उभी करायला घेतली होती. यंत्रं फिरायच्या आत रूफ आणि आणखी काही वनस्पतीवाल्यांनी तिथली रोपं उपटली, गोणपाटात घातली आणि नेऊन आपापल्या बागांत लावली. टेकडी सपाट झाली आणि त्यानंतर फ्रान्सिस्काना जंगली अवस्थेत कुठेच राहिली नाही. निदान साठ वर्षं तरी सगळ्यांचा समज तोच होता.

तिच्या एका जवळच्या नातलगाची गोष्टही अशीच. १९५२ साली पीटर रेव्हन नावाच्या शाळकरी मुलाला प्रेसिडिओत, म्हणजे शहराच्या टोकावरच्या लष्करी छावणीत, सर्पेंटाइनवर एक सरपटणारं मँझनिटा सापडलं. त्या जातीचं जंगलात उरलेलं एकमेव झाड. हा मुलगा पुढे मिसुरी बोटॅनिकल गार्डनचा संचालक आणि जगातल्या नामवंत वनस्पतीशास्त्रज्ञांपैकी एक झाला. त्या झाडाला आता रेव्हनचं मँझनिटा म्हणतात. त्याची कलमं भरपूर केली, पण सगळी एकाच झाडाची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधल्या काळात अमेरिकेत हिरवळीचं राज्य आलं. लॉन ही मुळात इंग्लंडची चाल. तिथे आकाशातून बारमाही पाणी पडतं, त्यामुळे गवत फुकट वाढतं. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि सरदारांची चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनसारख्या वसाहतींत एकसारखी घरं आणि एकसारखी हिरवळ हे स्वप्नाचं पॅकेजच झालं. ते पॅकेज जसंच्या तसं कॅलिफोर्नियात इन्स्टॉल केलं. प्लॅटफॉर्म वेगळा आहे हे कोणी बघितलंच नाही! २००५ साली नासातल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज काढला की अमेरिकेत हिरवळीखाली कमीत कमी सव्वा लाख चौरस किलोमीटर जमीन आहे. महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून जास्त. आणि त्यात खायचं काही पिकत नाही.

सवयीने मीही हिशेब मांडला. सॅन होजेत वर्षाकाठी साधारण ४५ इंच पाणी हवेत उडून जातं आणि पाऊस पडतो १५ इंचांच्या आसपास, तोही हिवाळ्यात. हिरवळीला या ४५ इंचांच्या सुमारे ८० टक्के पाणी लागतं, कमी पाण्याच्या झुडपांना १० ते ३० टक्के, आपण मधला २० धरू. एक चौरस फुटावर एक इंच म्हणजे ०.६२ गॅलन. ५०० चौरस फुटांच्या अंगणाला हिरवळ असेल तर वर्षाला सुमारे ११,००० गॅलन, म्हणजे ४२,००० लिटर. झुडपं असतील तर साडेदहा हजार लिटर. पुण्याच्या सोसायटीवाल्यांना कळेल अशा भाषेत: दहा हजार लिटरचे चार टँकर की एक? आणि तो एक टँकरही बहुतांशी पाऊसच आणून देतो.

हे शहाणपण दुष्काळांनी शिकवलं. १९७६-७७ च्या दुष्काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेच्या मॅरिन काउंटीत अशी वेळ आली की खाडीवरच्या पुलावरून तात्पुरती पाइपलाइन टाकून पाणी न्यावं लागलं. १९८१ मध्ये डेन्व्हरच्या पाणी खात्याने कमी पाण्याच्या बागेसाठी 'झेरीस्केप' हा शब्द काढला. आणि १ एप्रिल २०१५ ला गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडाच्या डोंगरात, एरवी पाच फुटांहून जास्त बर्फ असतो अशा कुरणात, वाळक्या गवतावर उभे राहिले आणि शहरांचं पाणी २५ टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला. त्यातच ५ कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिथे दुष्काळ सोसणारी झाडं लावायचं कलम होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटामागे दोन डॉलर मिळत होते. लोकांची इतकी झुंबड उडाली की काही आठवड्यांतच पैसे संपले. २०२३ मध्ये तर कायदाच झाला: दुकानं, ऑफिसं, सरकारी इमारती यांच्या आवारातल्या नुसत्या शोभेच्या हिरवळीला पिण्याचं पाणी घालायला बंदी, २०२७ पासून टप्प्याटप्प्याने.

म्हणजे जी झुडपं उपटून त्या जमिनीवर शहर आणि लॉन बसवलं, तीच आता सरकार पैसे देऊन परत लावायला सांगतंय. असो.

आता मूळ गोष्टीकडे. ऑक्टोबर २००९. गोल्डन गेट पुलाकडे जाणारा डॉइल ड्राइव्ह हा १९३६ चा रस्ता भूकंपात टिकणार नाही म्हणून नव्याने बांधायचं काम सुरू होतं. त्यासाठी कडेची झाडी तोडली होती. डॅनियल ग्लूसेनकँप हे वनस्पती-पर्यावरण तज्ज्ञ एका परिषदेहून गाडीने परतत होते. रस्त्यांच्या मधल्या एका बेटावर, आजवर झाडीआड दडलेलं एक पसरट झुडूप त्यांना चालत्या गाडीतून दिसलं. तज्ज्ञांनी येऊन तपासलं. फ्रान्सिस्काना! बासष्ट वर्षांपूर्वी संपलेली जात, रोज हजारो गाड्या जातात त्या रस्त्याच्या मधोमध जगत होती.

आणि नवा रस्ता नेमका तिच्यावरून जाणार होता.

मग तीन महिन्यांत रस्ते खातं, प्रेसिडिओ आणि वन्यजीव खातं यांनी मिळून योजना केली. बिया गोळा केल्या, फांद्यांची कलमं केली, मुळं फुटलेल्या फांद्या वेगळ्या काढल्या, आजूबाजूची माती सुद्धा जपली, कारण त्यात जुन्या बिया असू शकतात. या कुळाच्या बिया आगीच्या धगीने, धुराने जाग्या होतात, तोपर्यंत मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतात. आणि २३ जानेवारी २०१० ला अख्खं झुडूप मुळांभोवतीच्या मातीसकट क्रेनने उचललं. गोळ्याचं वजन सुमारे दहा टन. प्रेसिडिओतच एका गुप्त जागी ते लावलं. 'गुप्त' अशासाठी की बघायला येणाऱ्यांच्या पायाखाली मरू नये.

खर्च लाख डॉलरहून जास्त झाला, आणि अपेक्षेप्रमाणे आरडाओरडा झाला. मंदीचे दिवस होते. लोकांनी शोधून काढलं की हेच झुडूप नर्सरीत वीस डॉलरच्या आत मिळतं! खरंच मिळत होतं. १९४७ च्या त्या गोणपाटातल्या रोपांची कलमं बागांतून नर्सऱ्यांत पोचली होती आणि लोक अंगणात जमीन झाकायला लावत होते. मग करदात्यांचे पैसे कशाला घालवायचे?

प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. पण आपल्या धंद्यातल्या माणसाला उत्तर कळायला हरकत नाही. एकाच बिल्डच्या हजार कॉपी हजार सर्व्हरवर टाकल्या म्हणजे तुमच्याकडे हजार प्रोग्रॅम झाले का? नाही. एकच प्रोग्रॅम हजार जागी चालतोय, आणि एकच बग सगळ्यांना एकदम झोपवेल. कलमं तशीच. शिवाय मँझनिटाला चांगलं बी धरायला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. स्वतःच्याच कलमाशेजारी कितीही वर्षं उभं राहिलं तरी पुढची पिढी नीट होत नाही. रेव्हनच्या मँझनिटाची नेमकी हीच अडचण आहे. रस्त्यातलं झुडूप मात्र लॉरेल हिलच्या रोपांचं कलम नव्हतं, ते स्वतंत्र झाड होतं. म्हणजे इतकी वर्षं बागांत जपलेल्या रोपांना पहिल्यांदाच नवीन जोडीदार मिळाला. रूफ यांचे गोणपाट आणि हे झुडूप, दोन्ही मिळून ती जात परत चालू होऊ शकते. एकट्या कोणाकडूनही झालं नसतं.

२०१२ मध्ये तिला धोक्यातली जात म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं, २०१३ मध्ये शहरातली सुमारे २३० एकर जागा तिच्यासाठी महत्त्वाची म्हणून जाहीर झाली, आणि दोन्हीकडची रोपं मिळून प्रेसिडिओत लावायचं काम सुरू झालं. हे काम दशकांचं आहे. बी पडावं, रुजावं, त्याचं झुडूप व्हावं, त्याला परत बी यावं. याला डेडलाइन लावता येत नाही.

तुम्ही तुमच्या अंगणात काय करावं? फ्रान्सिस्कानाच लावा असं मी म्हणत नाही. नर्सरीत सरपटणाऱ्या मँझनिटाचे बरेच प्रकार मिळतात. 'एमरल्ड कार्पेट' त्यातला नेहमीचा. समुद्राजवळ असाल तर बुटकं कायोटी ब्रशसुद्धा छान पसरतं. हिरवळीवर पुठ्ठे अंथरायचे, वर लाकडाच्या ढलप्यांचा तीन-चार इंचांचा थर द्यायचा, म्हणजे गवत खालीच मरतं. रोपं पहिल्या पावसाच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायची. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर. सुरुवातीला अंगण भकास दिसतं आणि शेजारी काहीतरी बोलतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही. ढलप्या खोडाला चिकटू द्यायच्या नाहीत. खत अजिबात नको. पहिले दोन उन्हाळे क्वचित पण खोल पाणी, नंतर जवळजवळ नाहीच.

या शेवटच्या सूचनेवर भारतीय मंडळी हमखास घसरतात. जुलैच्या उन्हात झाड बघून आपला जीव राहवत नाही, आणि रोज संध्याकाळी आपण पाइप घेऊन उभे. गरम, ओल्या मातीत मुळं कुजवणारी बुरशी वाढते आणि मँझनिटा बघता बघता वाळतं. वाळलंय म्हणून आपण आणखी पाणी घालतो. या झुडपाला तहानेपेक्षा मायेचा धोका जास्त आहे.

रोप आणताना नर्सरीवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा: हे कलम आहे की बियाचं? बहुतेक वेळा उत्तर कलम असंच येईल, आणि अंगणासाठी तेच बरोबर आहे, सगळं एकसारखं पसरतं. पण दोन-चार झाडं मुद्दाम वेगळ्या जातीची, जमलं तर बियाची लावा. फेब्रुवारीत भुंगे येतील तेव्हा त्यांना या झाडावरून त्या झाडावर न्यायला काहीतरी असू दे.